मनातल्या मनात चार

६ फेब्रुवारी

चि. राघू,

अनेक आशीर्वाद.

दोन तुटक आणि एक लांब. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंऽऽग. तुझं पत्र दाराच्या फटीतून आत पडलं तेव्हा मला हाच आवाज आला. कानात नव्हे, पासष्ट वर्षं मागे कुठेतरी. घुम्या फाटकाशी सायकल टेकवून अशी घंटी वाजवायचा आणि मी अर्धं दप्तर भरून पळत सुटायचो. तोंडाने हाक मारणं त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणून तर तो घुम्या. आणि नेमकी तुझ्या पत्राच्या शेवटी त्याचीच चौकशी! "मामा, तुमचे ते घंटीवाले मित्र अजून कारखाना चालवतात का?"

चालवतो. सायकलच्या घंट्या, वडिलांच्या वेळेपासूनच्याच. एकतीस माणसं आहेत. दर गुरुवारी चार वाजता तो माझ्याकडे येतो, चहा पितो, सगळे मिळून दहा-अकरा शब्द बोलतो आणि मी त्याला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. पोरांना शिकवून मी निवृत्त झालो, पण घुम्याची शाळा अजून सुटलेली नाही.

तुला आठवतं का, तू सात वर्षांचा असताना तपासणीच्या साहेबांपुढे टेबलावर उभा राहून नदीची कविता म्हटली होतीस? आधी घरी म्हणायचास ती एका दमात, कुत्रं मागे लागल्यासारखी. मी सांगितलं, कडवं संपलं की मनातल्या मनात चार मोजायचे. ते चार दम खाण्यासाठी नसतात, ऐकणाऱ्यासाठी असतात. कविता आत जाते ती तेवढ्यात. तू ते चार पाठीमागे हात धरून बोटांवर मोजलेस, साहेबांनी मागे वाकून पाहिलं आणि खो खो हसले. ताईच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं.

ताई गेली त्या वर्षी तू आला होतास, त्याला अकरा वर्षं झाली. ये एकदा. हे पत्र टाकायला निघालो. टपालपेटी मागच्या गल्लीत आहे, मागच्या दारापासून बरोबर चाळीस पावलं. गुडघा कुरकुरत असला तर बेचाळीस.

तुझा मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसात उघडलं तर शेजारचा म्हणतो, "काय रे, कोर्टाचं समन्स?" हाताने लिहिलेलं काही आलं की आमचे लोक घाबरतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मी काय करतो ते सांगतो. आमची कंपनी जुने, घरचे कारखाने विकत घेते. आकडे मांडणारे वेगळे, वकील वेगळे. मी फक्त मालकाशी बोलतो. ऑफिसात मला दंतवैद्य म्हणतात: दात काढतो आणि वर समोरच्याकडून 'थँक्यू' घेतो. पहिल्या भेटीत विक्रीचा शब्दही काढायचा नाही. भिंतीवरच्या फोटोत कोण आहे ते विचारायचं. माणूस काही बोलला की त्याचाच शेवटचा शब्द प्रश्न करून परत द्यायचा. तो म्हणाला, "थकलोय हो," की आपण म्हणायचं, "थकलात?" पुढचा अर्धा तास तोच बोलतो. आणि मग गप्प बसायचं. साहेबांनी बाहेरून मोठमोठे शिकवणारे आणले आम्हाला गप्प बसायला शिकवायला. मी मागच्या खुर्चीवर हसत होतो. माझे चार तुमच्याकडूनच आलेत, मामा.

घुम्याकाकांकडे आमची दोन माणसं जाऊन आली. एकाला म्हणे त्यांनी तासभर बसवून फक्त "चहा?" एवढंच विचारलं. ते 'नाही' कसं म्हणतात? आणि 'हो' म्हणायचं असलं तर? मला त्यांना गुंडाळायचं नाही, समजून घ्यायचंय. कारखाना आज ना उद्या कोणाकडे तरी जाणारच. आपल्या माणसाकडे गेला तर काय वाईट?

एप्रिलमध्ये तुमच्याकडे येतोय, नक्की.

राघू


२७ फेब्रुवारी

चि. राघू,

दंतवैद्य वाचून हसलो आणि मग जिभेने स्वतःचेच उरलेले दात चाचपले.

घुम्या 'नाही' म्हणत नाही. चष्मा काढतो, धोतराच्या काय की शर्टाच्या काय, हाती येईल त्या टोकाने पुसतो, परत लावतो. लावला की विषय संपला. पुसताना तू बोलत राहिलास तर मेलास. 'हो' असलं की उठतो, फळीवरची एखादी घंटी उचलून वाजवतो आणि तिचा आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहतो. तेव्हा खोकूसुद्धा नकोस.

त्याची मुलगी डोळ्यांची डॉक्टर, दूर असते, कारखान्याला 'बाबांचा खुळखुळा' म्हणते. हात थरथरतात त्याचे आता. सोडायचं त्याच्याही मनात येतं, पण अडतं ते माणसांपाशी. तिथे शेवटच्या टेबलावर कानवाल्या बाई बसतात. प्रत्येक घंटी वाजवून पाहतात आणि खोटी वाजली की बाजूला फेकतात. तीस वर्षं हेच. त्यांच्या कानाला दुसरीकडे कोण विचारणार?

एक गोष्ट सांगतो, कोणाला सांगितलेली नाही. आम्ही दहा वर्षांचे असताना कारखाना जळला. काळ्या पडलेल्या दाराशी आम्ही दोघं उभे. आत त्याचे वडील एकटेच, राखेत उभे राहून स्वतःशीच म्हणाले, "घंटी मुकी झाली म्हणून कान घरी पाठवायचा नसतो." पुढे आठ महिने काम नव्हतं, पण एकालाही त्यांनी घरी बसवलं नाही. ते वाक्य ऐकलेले आता आम्ही दोघंच उरलोय.

हे तुला का लिहितोय? त्याचं ओझं हलकं व्हावं म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, गुरुवारी त्याच्यासमोर माझ्या भाच्याच्या नावाने मिरवायला मिळेल म्हणूनही.

तुझा मामा


२० मार्च

ती. मामा,

जाऊन आलो. तुमचा दोस्त म्हणजे गंजलेला नळ आहे! भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं. "वडील." म्हटलं, "वडील?" "हं." झालं, माझी विद्या संपली.

मग कारखाना पाहायला नेलं. कानवाल्या बाईंनी एक घंटी वाजवली आणि फेकली. मी म्हटलं, "ही तर चांगली वाजली." त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुम्हाला सगळंच चांगलं वाजतं, की आज पाहुणे म्हणून?" घुम्याकाका तेव्हा पहिल्यांदा हसले.

खोलीत परत आलो आणि त्यांनी चष्म्याला हात घातला. मी लगेच विषय सोडून खिडकीबाहेर बघत बसलो. हात खाली आला. मग हळूच विचारलं, "तुमच्यामागे बाईंच्या टेबलापाशी कोण उभं राहील?" आणि मोजले. एक, दोन, तीन, चार. ते म्हणाले, "तोच प्रश्न आहे." मामा, चार वर्षांत आमच्या कोणाला त्यांच्याकडून सलग तीन शब्द मिळाले नव्हते!

आता त्यांना पत्र पाठवायचं आहे. मसुद्याची प्रत सोबत जोडली आहे, तुमची लाल शाई चालवा. मी तुमचा भाचा हे त्यांना सांगितलेलं नाही, उगाच भीड पडेल. तुम्हीही गुरुवारी बोलू नका. सही होऊ दे, मग दोघं मिळून त्यांना चकित करू.

राघू


२६ मार्च

चि. राघू,

मसुद्याला शंभरपैकी एक्कावन्न. अक्षराचे पाच धरून.

"कर्मचाऱ्यांच्या हिताचा यथाशक्य विचार करण्यात येईल." हे वाक्य आहे की भिंतीला डकवलेली नोटीस? असं कोणी कोणाला सांगतं का? खोडलं. तिथे हे घाल: "घंटी मुकी झाली तरी कान घरी पाठवला जाणार नाही. शेवटच्या टेबलापासून फाटकापर्यंत एकही माणूस दाराबाहेर होणार नाही, हा शब्द." बघ, कसं उभं राहिलं! अर्थात तसं करणार असशील तरच घाल. पण करणार नसतास तर मला विचारलंच कशाला असतंस?

गुरुवारी घुम्या आला. मी चारदा तोंड उघडलं आणि चारदा चहाचा घोट घेतला. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्यापेक्षा कमी बोललो. जाताना त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही?" म्हणाला.

लवकर उरक बाबा. हे गुपित मला पचत नाही.

तुझा मामा


११ एप्रिल

ती. मामा,

सही झाली!

तुमचं वाक्य जसंच्या तसं घातलं. साहेबांना दाखवून विचारलं, हे करारातही घालायचं का? ते म्हणाले, "करारात नको, तिथे माणसं कमी करायचीच आहेत. पत्रात राहू दे. म्हातारा पत्रानेच विरघळेल." आणि विरघळले हो! दोनदा वाचलं, त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" मी काही बोललो नाही. मोजले. चौथ्याला तेच म्हणाले, "बरं. कळलं मला." उठले, फळीवरची घंटी उचलली, वाजवली. मी श्वास धरून बसलो होतो.

ती घंटी त्यांनी मला भेट दिली. माझ्या टेबलावर आहे, चहा हवा असला की वाजवतो.

एप्रिलमधलं येणं मात्र जमत नाही. आता छत्र्यांचा एक कारखाना आहे, मालक खूप बोलतो म्हणे. सोपं जाईल. माणसांची काळजी करू नका, ते सगळं बघतील.

राघू


२ जून

चि. राघू,

तुला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तुझ्या शेवटच्या पत्रातलं साहेबांचं बोलणं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे नुसते 'सही झाली' वर होते. नंतर चष्मा पुसून वाचलं. मग बाहेर जाऊन परत आलो आणि पुन्हा वाचलं.

घुम्या सात गुरुवार आलेला नाही. मी कारखान्यावर गेलो. फाटकाला नवं कुलूप. आत यंत्रांच्या जागी जमिनीवर फिकट चौकोन राहिलेत, भिंतीवरून फोटो काढल्यावर राहतात तसे. परतताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर कानवाल्या बाई भेटल्या. तिथे झाडलोट करतात आता. मी विचारलं, "कशा आहात?" म्हणाल्या, "इथे काही वाजत नाही, मास्तर. बरं आहे." आणि झाडू घेऊन आत गेल्या.

राघू, हा शब्द होता ना? कोणाचा होता?

मामा


२० जून

प्रिय मामा,

हे पत्र टाईप केलेलं आहे, राग मानू नका. कामाची घाई आहे. उत्पादन एका ठिकाणी आणण्याचा निर्णय वरच्या पातळीवर झाला. सर्व कर्मचाऱ्यांना नियमाप्रमाणे जे द्यायचं ते देण्यात आलं आहे. पत्रातला मजकूर हा सदिच्छा व्यक्त करणारा होता, त्याचा करारातील अटींशी संबंध नाही. आपण हा विषय मनाला लावून घेऊ नये.

प्रकृतीची काळजी घ्यावी.

आपला भाचा


१ जुलै

मास्तर,

मला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. एकदाच लिहितो.

त्या पोराने पत्र दिलं. त्यात माझ्या वडिलांचं वाक्य होतं. ते मला ठाऊक आणि तुला ठाऊक. मी त्याला विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? तो गप्प राहिला. मला वाटलं, तू मागे उभा आहेस. तुझं नाव सांगायला तुला संकोच वाटत असेल. तुझा शब्द आहे म्हणून मी करार वाचलाही नाही. सही केली.

नंतर मुलीने शोधलं. तो ताईंचा राघू.

लवाद नेमला आहे. कंपनी म्हणते, ते पत्र म्हणजे एका नोकराने दाखवलेला गोडवा, वर कोणाला माहीत नव्हतं. वकील म्हणतो, वरच्यांना माहीत असून ते लिहिलं असं दाखवता आलं तर माणसांना परत घ्यावं लागेल. नाही तर संपलं. सुनावणी सप्टेंबरच्या शेवटी आहे.

तुझ्याकडे काही असेल तर दे. नसेल तर राहू दे. गुरुवारी मी येणार नाही.

घुम्या


१० सप्टेंबर

ती. मामा,

किती दिवसांनी हातात पेन घेतलं! अक्षर बिघडलंय, पाच मार्क कापा.

परवा आईची जुनी पेटी उघडली. तुम्ही तिला लिहिलेली पत्रं सापडली. वाचत बसलो आणि वाटलं, आपल्या घरातली सगळी पत्रं एकत्र ठेवावीत. मी तुम्हाला लिहिलेली तुमच्याकडे असतील, फेब्रुवारीपासूनची. ती पाठवता का? सगळी पाठवा, विशेषतः एप्रिलचं. त्यात मी उत्साहाच्या भरात बरंच काही वेडंवाकडं लिहिलं होतं, वाचून माझं मलाच हसू येईल. माणूस पाठवतो न्यायला. तुम्हाला चाळीस पावलांचाही त्रास नको.

मामा, मला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

राघू


१८ सप्टेंबर

घुम्या,

या पाकिटात राघूची सगळी पत्रं आहेत. ११ एप्रिलचं वर ठेवलंय. त्यात साहेबांचं बोलणं आहे, त्याच्याच अक्षरात. मला पत्रांची नक्कल ठेवायची मास्तरी खोड आहे, म्हणून माझ्या वहीतली पानंही फाडून जोडली आहेत. ती वाचलीस की कळेल, तुझा चष्मा कोणी विकला. त्याने तुला काही विचारण्याआधीच उत्तरं माझ्याकडून गेली होती. तुझ्या वडिलांचं वाक्यही मीच दिलं, शाबासकी मिळेल म्हणून. आयुष्यभर पोरांना शिकवलं, दुसऱ्याची ओळ आपली म्हणून लिहू नये. आणि स्वतः काय केलं?

तू मागितल्याला अडीच महिने झाले. पत्रं तेव्हाही माझ्या उशाच्या पेटीतच होती. रोज काढत होतो, रोज ठेवत होतो. ताईचं एकच लेकरू आहे. लवादापुढे ते पत्र वाचलं गेलं की त्याचे साहेब हात झटकतील आणि सगळं त्याच्यावर ढकलतील, एवढं मलाही कळतं. त्याला वाचवावं की तुझ्या एकतीस माणसांना, हे ठरवता येत नव्हतं, असं लिहायला बरं वाटतं. खरं असं आहे की पत्रं दिली असती तर माझीही वाचली गेली असती, आणि मला भरल्या सभेत एक्कावन्न मार्कांचा मास्तर ठरायचं नव्हतं.

काल दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलो. कानवाल्या बाई जमीन पुसत होत्या. कोणाच्या तरी हातातून स्टीलचं भांडं पडलं आणि गडगडत गेलं. सगळे दचकले. बाई हात थांबवून, डोळे मिटून ऐकत राहिल्या, ते भांडं निश्चल होईपर्यंत. मग पुन्हा पुसायला लागल्या. घरी येऊन मी पाकीट शोधलं.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तू चष्मा काढशील, पुसशील

थांब. फाटकाशी घंटी वाजली. दोन तुटक, एक लांब! घुम्या, तू आलास? गुरुवार नाही आणि आलास! पेन टाकतो.

तू नव्हतास.

राघू आहे. अकरा वर्षांनी. हातात तू दिलेली घंटी. तो आवाज मीच त्याला पहिल्या पत्रात लिहून कळवला होता. "मामा, आलो शेवटी," म्हणाला, वाकून पाया पडला. केस पिकलेत त्याचे. मला रडू आलं रे, खोटं सांगत नाही. माझ्या खुर्चीसमोर बसला, भिंतीवर पाहून म्हणाला, "आईचा हा फोटो कधीचा?"

मी म्हटलं, "थकलोय रे मी."

तो म्हणाला, "थकलात?"

आणि गप्प बसला. मी मोजत होतो, घुम्या. तोही मोजत होता. एक, दोन, तीन. चौथ्याला मी म्हणालो, "पत्रं आत आहेत. आणतो."

आता स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने लिहितोय. पाकिटाला डिंक लावलाय. मागच्या दाराची कडी आवाज न करता निघते. आज बेचाळीस पावलं होतील.

तो बाहेर बसलाय, अगदी शांत. थांबायला मीच शिकवलंय त्याला. थांबू दे.

मास्तर